राजाची बाजू आणि पुठ्ठ्याचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे, पण खऱ्या राजाचं डोकं मी कधी पाहिलेलं नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात मोरेश्वर आजोबांनी मला फ्रिजच्या खोक्यातून कापलं. शैलजा आजींनी फाटक्या शालूची जर आणि काही मणी लावले. मराठी मंडळाच्या नाटकांत मी कंसाच्या डोक्यावर बसलो, रावणाच्याही. टाळ्या त्यांना मिळायच्या आणि घामाने भिजायचो मी. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. जो मला डोक्यावर घेतो, त्याच्यावर माझा आधी संशय.

पुढे मंडळ फुटलं. आजोबा तेव्हा अध्यक्ष होते. हॉलचा खर्च भागवायला त्यांनी कोणालाही न विचारता वर्गणी दुप्पट केली. शेजारच्या क्युपर्टिनो गावची तरुण मंडळी बिथरली. त्यांचा पुढारी होता आजोबांचाच मुलगा, सिद्धेश. एका रविवारी ते सगळे बोलायला घरी आले. आजोबा गॅरेजमध्ये मला सोनेरी रंग देत होते.

"सांग, घरी नाहीत," ते आजींना म्हणाले. आजोबांची गाडी तर दारातच उभी होती.

तरुणांनी वेगळं मंडळ काढलं आणि सिद्धेशने या घरात पाऊल टाकणं सोडलं. मी गॅरेजमधल्या खोक्यात गेलो. माझी जर काळी पडली, एक मणी गळला, कोणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं.

परवा सिद्धेशची मुलगी अनिका मला शोधत आली. शाळा सुटल्यावर ती आजींकडे असते. तिच्या वर्गात एक लुटुपुटीचा खटला होता. इंग्लंडच्या राजाने अमेरिकेतल्या वसाहतींवर कर लादले आणि त्या उलटल्यावर युद्ध केलं, ते बरोबर की चूक? अनिकाच्या वाट्याला राजाची बाजू आली होती.

"मी करून घेतो तुझी तयारी," असं म्हणून आजोबांनी मला आपल्याच डोक्यावर चढवलं.

मी चपापलो. यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. इंग्रजांचं नाव निघालं की यांचा आवाज चढतो. आणि आज हेच इंग्रज राजाची वकिली करणार? पाणी कुठंतरी मुरत होतं.

"हे बघ, फ्रेंचांशी लढाई झाली ती कोणासाठी? या वसाहतींसाठीच ना? मग खर्च एकट्या इंग्लंडने का सोसायचा? यांना सगळं आयतं हवं आणि पैसे मागितले की बंड! हॉल काय फुकट मिळतो?"

"हॉल? व्हॉट हॉल?" अनिकाने विचारलं.

आजोबा खोकले. मी काय ते समजलो.

त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. बंडखोरही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. नव्या मंडळानेही लगेच वर्गणी वाढवली, हे मी आजींच्या फोनवरच्या गप्पांत ऐकलं आहे. तरी माझा संशय जाईना. खर्च खरा असला, तरी भरणाऱ्यांना विचारायला राजाचं काय जात होतं?

अनिकालाही तेच टोचत होतं. "पण आजोबा, राजाशी लढाई सुरू झाल्यावरही वसाहतींनी त्याला अर्ज पाठवला, लेट्स मेक पीस म्हणून. ही रिफ्यूज्ड टु इव्हन लुक ॲट इट! हे मी कसं डिफेंड करू?"

"कामात असेल," आजोबा पुटपुटले.

"नो, आजोबा. ही वॉज होम."

माझ्याखाली त्यांचं कपाळ एकदम ओलं झालं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सिद्धेश मुलीला न्यायला यायचा, पण गाडीतून उतरायचा नाही. अनिका दप्तर उचलू लागली. आजोबांनी तिला थांबवलं आणि ते स्वतःच बाहेर गेले, मी डोक्यावर तसाच. सिद्धेशने काच अर्धीच खाली केली आणि आधी माझ्याकडेच संशयाने पाहिलं. त्याचं बरोबरच होतं.

आजोबा खिडकीशी वाकले, तसा मी घरंगळून खाली पडलो.

"त्या रविवारी मी घरीच होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. गाडी दारात होती."

"आत ये. वर्गणीवरून मला तुझ्याशी भांडायचंय अजून. पण समोर बसून."

मग इंजिन बंद झालं आणि दोघं माझ्या शेजारून आत गेले. मला उचलायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणणारच. माझा गळलेला मणी पुन्हा लावा, जर पुसून ठेवा. पण माझ्यावर विश्वास मात्र ठेवू नका. कोणी दार वाजवलं, की आधी मला उतरवा आणि मग दार उघडा.