बदकाच्या मागोमाग

आठ पोलादी काड्या, आठ हिरव्या पाकळ्या, एक लाकडी दांडा आणि मुठीच्या जागी लाकडी बदकाचे डोके. मित्रांनो, यॉर्क शहरातल्या एका दुकानातून डोरीन सग्डेनने मला घरी आणले, तेव्हा माझ्यात एवढे होते. मी छत्री आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे.

डोरीन पाहुण्यांना शहर दाखवते. सकाळी त्यांची बस येते, संध्याकाळी परत जाते. मधल्या वेळात तटबंदी, मिन्स्टर हे भव्य चर्च, शँबल्सची अरुंद गल्ली आणि चहा. गर्दीत आपण दिसावे म्हणून ती मला उलटी धरायची. टोक मुठीत, बदक आकाशात.

“बदकाच्या मागे या! बदक थांबलं की थांबा. आणि चहा प्यायला थांबलं, तर बिल तुमचं!”

लोक हसायचे आणि मागोमाग यायचे. सगळे मला ‘बदक’च म्हणत. मला त्याचे वाईट वाटत नसे.

वाईट वाटायचे ते पावसात. थेंब पडले की साऱ्या छत्र्या उघडायच्या. कोपऱ्यावर मिळणारी प्लास्टिकची छत्रीसुद्धा टप्पकन फुलायची. मी मात्र मिटलेलीच. उघडले असते, तर गर्दीतली आणखी एक छत्री झाले असते आणि डोरीन कुणाला दिसली नसती. म्हणून ती टोपी घालून भिजायची आणि मी मिटून. त्या प्लास्टिकच्या छत्रीकडे पाहून माझ्या काड्याकाड्यांतून जळफळाट व्हायचा. घरी गेल्यावरही मला कुणी उघडून वाळवत नसे. तशी सवयच नव्हती.

मग एके दिवशी डोरीनच्या मुलीने, ब्रायनीने, एक नवी दांडी आणली.

“आई, बघ. अ‍ॅल्युमिनियमची आहे. ओढली की लांब होते. वर नारिंगी फूल.”

“अगं, मी वाटाडी की माळीण?”

“आणि खांदा दुखतो म्हणून रोज कण्हतं कोण? ही निम्म्या वजनाची आहे.”

ते खरे होते. दुसऱ्या दिवशी डोरीनच्या हातात ती दांडी होती आणि मी तिच्या काखेत. मी इतकी जळले, इतकी जळले, की पाऊस यावा आणि ते फूल चिंब होऊन लोंबावे, अशी इच्छा केली.

पाऊस आला. फुलाला काहीच झाले नाही. पण मोकळ्या हाताने डोरीनने मला उघडले! काड्या कुरकुरल्या, पाकळ्या ताणल्या गेल्या. मित्रांनो, मी फुलले. प्लास्टिकच्या छत्रीशेजारून मी मुद्दाम डोलत गेले.

शँबल्सच्या टोकाला डोरीनने माणसे मोजली. एक कमी.

“मिस्टर ऑर्मरॉड कुठं आहेत?”

स्कारबरोचे हे म्हातारे गृहस्थ दर मे महिन्यात बायकोबरोबर, आयव्हीबरोबर, यायचे. यंदा पहिल्यांदाच एकटे आले होते. त्यांना लांबचे ऐकू येत नसे; वाट दाखवायची ती बायको. बस सुटायला थोडाच वेळ उरला होता, आणि गल्ली छत्र्यांनी झाकून गेली होती. डोरीनने फूल उंच नाचवले. हाका मारल्या. कुणीच आले नाही.

अचानक ती थांबली. “अरे देवा. मिस्टर ऑर्मरॉड फूल शोधतच नाहीयेत. ते बदक शोधताहेत!”

तिने मला मिटले, उलटे केले आणि दुखऱ्या खांद्याने वर धरले. पाणी तिच्या बाहीतून आत जात होते. ती तशीच गल्लीभर चालली. मिठाईच्या दुकानाच्या छपराखालून एक काठी वर झाली.

“डोरीन! किती उशीर!” मिस्टर ऑर्मरॉड ओरडले.

“मी उशीर केला? हरवलात तुम्ही!”

“मी नाही, तुझं बदक हरवलं. आमची आयव्ही म्हणायची, चुकलास तर जागचा हलू नकोस, बदक येईल. आलं की नाही?” ते हसले आणि डोरीनचा दंड घट्ट धरून चालू लागले. बस त्यांना घेऊन सुटली.

त्या संध्याकाळी माझा अभिमान आभाळाला टेकला होता. डोरीनने मला उघडून शेगडीजवळ ठेवले, आणि ब्रायनी वाकून पाहू लागली.

“आई, कापड घडीघडीवर चिरलंय. काड्या गंजल्यात. ही नाही टिकायची.”

“पण लोकांना बदक हवंय गं.”

“मग बदकच ठेवू की.”

तिने पेचकस आणला.

मित्रांनो, तुमच्या घरी छत्री असेल, तर भिजल्यावर तिला मिटून कोपऱ्यात ठेवू नका. उघडा, वाळू द्या. आणि कोरडी असली, तरी अधूनमधून उघडा. वर्षानुवर्षे ओले, मिटलेले कापड घडीवर कुजते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

मी आता दाराजवळ उभी असते. दांडी रोज सकाळी जाते. माझ्यावर बदक जमिनीपासून दोन मीटर साठ सेंटीमीटर उंच असायचे. दांडीवर ते तीन मीटर दहा असते.