सुलाबाईंनी सारवलेली भिंत

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आमच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. म्हणूनच मला व्यवस्थापनाला घातलं. नाटकाच्या पदव्युत्तर शिक्षणातली आमची शेवटची परीक्षा कागदावर नव्हती. खऱ्या गावात, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढं अख्खं नाटक उभं करायचं. पहिला प्रयोग सांगलीत, दुसरा साताऱ्यात, आणि गुण मिळणार ते सांगलीच्या प्रयोगावर. मी, वाईची अपूर्वा, सगळ्या कारभाराची धनीण. नेपथ्य सूरजचं.

सूरज म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. घरातला पहिलाच पदवीधर. त्याच्या बापानं, ज्योतिबानं, बजावून ठेवलं होतं, "पास झालास तर झालास. न्हाई तर दिवाळी झाल्यावर मेंढरामागं यायचं. मला एकट्याला रेटंना आता." बापाचं तरी काय चुकलं? शहाण्णव साल उजाडलं तरी पोरगा नेमकं काय शिकतो, हे त्याला कुणी धड सांगितलंच नव्हतं.

नाटक साधं होतं. मुलगा शहरात गेलाय, आई वाट बघते, आणि तो परततो तेव्हा घर ओस पडलेलं असतं. सूरजनं स्वतःचंच घर रंगमंचावर उभं केलं. लाकडी चौकटींना कापड ताणून भिंती केल्या, त्यावर भुसा आणि डिंक लावून पोपडे काढले, भेगा काढल्या. मी येता-जाता त्याला खिजवायची, "गड्या, तुझ्या घरात पाहुणा आला तर छत्री घेऊन बसेल." तो नुसता हसायचा.

प्रयोगाच्या दुपारी परीक्षक बाईंना आणायला आम्ही दोघं मिरज स्टेशनावर गेलो. बाई बडोद्याच्या, त्यांची गाडी नेमकी उशिरा आली. त्यांना उतरायच्या जागी सोडून थेटरात शिरलो, तर शेणाचा वास!

रंगमंचावर पदर खोचून सूरजची आई, सुलाबाई, ज्योतिबाबरोबर प्रयोग बघायला गावाहून आलेल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. भेगा गायब, पोपडे गायब. अख्खी भिंत ओली, गुळगुळीत, त्यावर बोटांच्या सुबक कमानी. शेजारी थेटरचा वॉचमन नानासो बादली धरून कौतुकानं उभा.

"आलास व्हय?" सुलाबाई म्हणाल्या. "आरं, परीक्षेला पावणी येनार म्हनं, आन् भिताडं ही असली? घट बसायला आलं. म्या लांबनंच वळखलं, आपलं घर हाय ह्ये. लोक म्हनतील, सुलाबाईला सारवाय येत न्हाई."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो नानासोंवर. "अहो, तुम्हाला राखणीला ठेवलंय की शेण कालवायला?"

"आवं ताई, आई हाय म्हटल्यावर आडवायचं कसं?"

कपाळ माझं! मी फडकं भिजवलं आणि भिंत खरवडायला निघाले. सूरजनं माझं मनगट धरलं. सुलाबाईंचा चेहरा एवढासा झाला होता. "चुकलं का रं माझं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आये. लय झ्याक झालंय," तो म्हणाला. मग भिंतीवर बोट फिरवत म्हणाला, "शेण किती घातलंस?"

"शेण कुठलं गावतंय तुझ्या सांगलीत! ह्या दादानं मूठभर आनलं कुठनं तरी. समदी मातीच हाय."

सूरज हसायला लागला. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं.

"अपूर्वा, नुसती माती वाळली की तडकते. सगळे दिवे भिंतीजवळ घे, पंखे सोड. पहिल्या अंकात घर धड दिसू दे. शेवटच्या अंकापर्यंत ते फुटलं पाहिजे."

"आणि नाही फुटलं तर?"

"तर मेंढरं हायेतच."

तिसरी घंटा झाली. मी दिव्यांच्या बटणांपाशी, सूरज समोरच्या विंगेत. पहिल्या अंकात भिंत कशी नव्या नवरीसारखी. दुसऱ्या अंकातही तशीच, मेली तडकायचं नाव घेईना. सूरज विंगेत म्हसवडच्या सिद्धनाथाला हात जोडून उभा, आणि मी इकडं भिंतीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. शेवटच्या अंकात दाराच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग वर चढली. मग दुसरी. मग सगळीकडून. रंगमंचावरचा मुलगा दारात आला, "आई" म्हणाला, आणि त्या शांततेत मातीचा एक पापुद्रा सुटून खाली पडला.

"आगं बया, पडलं की!" पहिल्या रांगेतून सुलाबाई ओरडल्या. कुणीही हसलं नाही.

पडदा पडल्यावर परीक्षक बाई थेट भिंतीशी आल्या. "हे कसं साधलंस?"

'माझीच योजना होती,' एवढं त्यानं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! मी मागून त्याला चिमटासुद्धा काढला. पण हा सत्यवादी आईचा हात धरून तिला पुढं घेऊन आला. "बाई, माझं घर पहिल्यापासून पडकं होतं. आज आईनं मला न विचारता सारवलं. मी फक्त दिवे जवळ घेतले."

बाई सुलाबाईंकडं वळल्या. "साताऱ्यात हे पुन्हा जमेल?"

"जमंल की," सुलाबाई म्हणाल्या. "पर तडकवायचीच आसंल, तर सारवायची कशाला वो?"

बाईंना हसू आवरेना. मला मात्र ज्योतिबाची धास्ती. तो मघापासून खांद्यावर घोंगडं टाकून विंगेत उभा होता. तो पुढं आला, भेगेवरून अंगठा फिरवला.

"मेंढरं घिऊन आठ-आठ म्हैनं फिरून आमी परत येतो, तवा घर आसंच आसतंय," तो बाईंना म्हणाला. "ही कुलूप काढती आन् भिताडाकडं बघत उंबऱ्यावर बसती. कुनाला सांगनार? आज एवढ्या लोकांनी बघितलं." मग सूरजकडं न बघताच म्हणाला, "आईला साताऱ्याला संगं ने. मेंढरांचं माझं मी बघतो."

निकाल अजून लागायचा होता. पण सूरज तिथंच, भिंतीतून पडलेल्या मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी सगळ्यांवर खेकसत दिवे बंद केले, म्हणजे माझं रडणं कुणाला दिसू नये.