डोक्यातली मुंगी

पार्लरवालीच्या घरात ऊ सापडली, म्हणजे आगीच्या बंबालाच आग लागल्यासारखं झालं. दिवसभर लोकांची डोकी धुणारी, कापणारी, रंगवणारी ही बाई. आणि शाळेच्या घाईत वेणी घालताना तिच्याच सात वर्षांच्या चिमीच्या मानेवर एक लठ्ठ ऊ निवांत फिरायला निघालेली! पार्लरवालीने ती नखावर चिरडली आणि विचारलं, "वर्गात कुणाशेजारी बसतेस गं?"

"कुरळीशेजारी."

झालं. साक्षी-पुरावे काही नाही, निकाल लागला.

कुरळी ही बेकरीवालीची मुलगी. डोक्यावर केसांचं असं रान की शिक्षिका तिला शेवटच्या बाकावर बसवायच्या, नाहीतर मागच्यांना फळा दिसायचा नाही. चिमीचा त्या केसांवर भारी जीव होता. मधल्या सुट्टीत त्यात पेन्सिली खोचायच्या आणि किती मावतात ते बघायचं, हा दोघींचा आवडता उद्योग. बेकरीवाली पहाटेच भट्टीवर जायची, त्यामुळे कुरळीचे केस तिचा बाप जमेल तसे बांधून द्यायचा. ते पाहून पार्लरवालीचे हात नेहमी शिवशिवायचे. अशा डोक्यात उवा होणार नाहीत तर कुठे होणार, असं तिला वाटलं. आणि वाटलेलं मनात ठेवणं हा तिचा स्वभाव नव्हता.

शाळा सुटताना फाटकाशी सगळ्या आया उभ्या होत्या. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी बेकरीवालीही घाईघाईने येऊन थांबली होती.

"अहो, जरा मुलीच्या डोक्याकडे बघत जा," पार्लरवाली म्हणाली. आवाज हळू ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. "आमच्या चिमीला उवा दिल्यात तिने. आणि तुम्ही ह्याच हातांनी पावाचं पीठ मळता ना?"

कुणीतरी फिसकन हसलं. एकीने आपला मुलगा हळूच जवळ ओढून घेतला. बेकरीवालीचा चेहरा लालबुंद झाला.

"बघते, ताई," एवढंच ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

त्या संध्याकाळी पार्लरवालीने चिमीच्या डोक्याला औषध लावलं, बारीक फणीने बटेमागून बट विंचरली आणि केस स्वच्छ धुतले. दुसऱ्या दिवशी चिमीच्या दोन्ही वेण्या जशाच्या तशा पाठीवर डुलत होत्या.

कुरळीच्या डोक्यावर मात्र केसच नव्हते. म्हणजे होते, पण भादरल्यासारखे, एका बाजूला बोटभर तर दुसऱ्या बाजूला तेवढेही नाहीत. कान उघडे पडून एकदम मोठे दिसायला लागले होते. पार्लरवालीने ते फाटकाशी पाहिलं. स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेत, हे तिने एका नजरेत ओळखलं. बरं झालं, निदान सफाई तरी झाली, असं मनाशी म्हणून ती कामावर गेली.

चिमी त्या दिवसापासून घुमी झाली. कुरळी एकटी बसते, तिच्याशेजारी कुणी बसत नाही, एवढं तिने एकदा सांगितलं. "तूपण बसू नकोस इतक्यात," आई म्हणाली, आणि विषय मिटला.

रविवारी दुपारी पार्लरवाली कोचावर आडवी झाली. तिच्या उशाशी चार वर्षांचा ढब्बू फणी घेऊन दुकान थाटून बसला.

"बाई, केस कापायचे की रंगवायचे?"

"रंगवा."

"कुठला रंग?"

"तुम्हाला आवडेल तो."

ढब्बूने तिचा अंबाडा सोडला, तोंडाने फवारा मारला, फणी फिरवली. तिचा डोळा लागत होता. इतक्यात फणी थांबली.

"आई, तुझ्या डोक्यात मुंगी आहे." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तिची बहीणपण आहे."

पार्लरवाली ताडकन उठली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. कानामागचे केस बाजूला केले. पुढचं सांगायला नको. दुसऱ्या कुणाचं डोकं असतं तर तिने नाकाला रुमाल लावला असता.

तिच्या डोक्याला खाज सुटून बरेच दिवस झाले होते. चिमीच्या मानेवर ती पहिली ऊ दिसली त्याच्या कितीतरी आधीपासून. तिने केसांच्या रंगाला दोष दिला, रंगाची बाटली बदलली, नव्या बाटलीलाही शिव्या घातल्या. पार्लरमध्ये फण्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या जायच्या. घरातली फणी मात्र आरशाजवळच्या खिळ्याला लटकलेली असायची. रोज सकाळी ती आधी आईच्या डोक्यातून फिरायची, मग चिमीच्या. गावभर लोकांची डोकी तपासणाऱ्या बाईचं डोकं तपासायला कुणी नव्हतं.

नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे त्या बेकरीवालीच्या पोरीचे केस..."

"गप्प बस," ती म्हणाली. "कुणाला कळता कामा नये. उद्या एक गिऱ्हाईक पार्लरची पायरी चढणार नाही."

"आणि हिला काय सांगणार?"

त्याच्या मागे चिमी उभी होती.

"आई, मग कुरळीला सांगायचं ना?"

"बघू."

आई-बापांच्या 'बघू'चा अर्थ घरोघरच्या मुलांना पाठ असतो. चिमी आत गेली. पार्लरवाली न्हाणीघरात डोक्याला औषध चोळत राहिली. डोळ्यांत गेलं म्हणून पाणी आलं, असं तिने स्वतःलाच सांगितलं. पण ते खरं नव्हतं. तिला लाज वाटत होती. आपण बेकरीवालीच्या हातांबद्दल काय बोललो ते राहून राहून आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चिमीला घेऊन बेकरीत गेली. बेकरीवालीला बाजूला बोलवायचं, हळूच सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता. पण गल्ल्यासमोर रांग होती आणि रांगेत तिची स्वतःची दोन गिऱ्हाइकं. गल्ल्यामागे पिठाच्या पोत्यावर कुरळी गृहपाठ करत बसली होती. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला.

"काय देऊ, ताई?" बेकरीवालीने विचारलं. नजर वर केली नाही.

"एक ब्रेड."

ब्रेड हातात आला. पार्लरवाली बाजूला झाली. तेव्हा चिमीने तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. हिसडा वगैरे दिला नाही, नुसता काढून घेतला. पार्लरवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐका ना," ती म्हणाली. फाटकाशी होता तेवढाच आवाज आताही लागला. "उवा माझ्या डोक्यात होत्या. माझ्या डोक्यातून चिमीच्या डोक्यात गेल्या. तुमच्या मुलीचा काही संबंध नव्हता."

तिच्या एका गिऱ्हाइकाचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला.

बेकरीवालीने हातातला पाव खाली ठेवला.

"मला एकही सापडली नव्हती," ती हळू म्हणाली. "दोन तास दिवा धरून बघितलं. पण तुम्ही केसांतल्या जाणकार. म्हटलं, मलाच दिसत नसतील. ती नको नको म्हणत होती. रडून हैदोस घातला, तर मी एक थप्पड ठेवूनही दिली तिला."

तेवढ्यात कुरळी पोत्यावरून उतरली आणि गल्ल्याच्या कडेला येऊन पार्लरवालीच्या लांबसडक केसांकडे बघायला लागली. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"काकू, मग आता तुमचेपण कापायचे?"

"नाही गं," पार्लरवाली सवयीने बोलून गेली. गिऱ्हाइकांना रोज सांगायची तसं. "औषध असतं. ते लावायचं, बारीक फणीने विंचरायचं, की जातात. त्यासाठी केस कापावे लागत नाहीत."



कुरळीचा हात रुमालावर गेला. तिने मान वळवून आपल्या आईकडे पाहिलं. बेकरीवालीने पाहिलं नाही. ती पुसलेलाच गल्ला पुन्हा पुसायला लागली.

पार्लरवाली गल्ल्याला वळसा घालून आत गेली आणि कुरळीसमोर खाली बसली. जवळ येताना दोघींच्या डोक्यांत अंतर राहील याची मात्र तिने काळजी घेतली.

"आईकडे बघू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या आईला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या दिवशी फाटकाशी मी ते सांगितलं नाही."