गाडीवानाच्या कोटाचे डाग

"धुतला? अहो ताई, कोट धुतलात कशाला?"

"मळला होता म्हणून धुतला! मळलेला कपडा धुवायचा नाही, तर काय लोणचं घालायचं त्याचं?"

"आई, तुला फक्त बघायला आणला होता गं..."

"तू गप रे! एवढा घाणेरडा कोट घालून टीव्हीवर हिंडतोस, लोक म्हणतील याच्या घरी साबण नाही."

ज्याच्यावरून ही तिघं एकमेकांच्या अंगावर धावत होती, तो मी. टेबलावर पडलो होतो. स्वच्छ, कडक इस्त्रीचा, आणि लाजेनं अर्धा झालेला.

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. साधासुधा नाही हां. 'शेवटची टपालगाडी' ही मालिका बघितलीये ना? नसेल बघितली तर आधी बघा, मग माझ्याशी बोला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. रेल्वे यायची आहे, घोडागाडीचे दिवस संपत आलेत, आणि एक हट्टी गाडीवान म्हणतो, शेवटचं पत्र पोचेपर्यंत मी गाडी सोडणार नाही. त्या गाडीवानाच्या अंगावर चार वर्षं जो कोट आहे, तो मीच. नट बदलला असता तर चाललं असतं. मी बदललो असतो तर लोकांनी टीव्ही फोडले असते.

आता कुणी म्हणेल, एवढी फुशारकी कशाला? मारणारच. कमावलीये मी ती.

माझा जन्म कपडेमावशींच्या हातचा. मालिकेतले सगळे कपडे त्याच शिवतात आणि त्याच सांभाळतात. तपकिरी, जाड सुती कापड. शिवून झाल्यावर दहा मिनिटं मी कोरा करकरीत होतो, तेवढंच माझं बालपण. मग मावशींनी मला चहाच्या पाण्यात बुडवलं. कोपरांवर पॉलिश पेपर घासला, कॉलरवर तारेचा ब्रश मारला. खिशांत दगड भरून दोन दिवस खुंटीला टांगलं, खिसे लोंबायला हवेत म्हणून. तुम्हाला म्हातारं व्हायला साठ वर्षं लागतात, मी दोन दिवसांत झालो. दुखलं का? दुखलं ना. पण पहिल्या दिवशी डायरेक्टरसाहेबांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हा कुठल्या भंगारातून आणलात, मावशी?" मावशींची छाती फुगली. माझीही फुगली असती, पण तेव्हा माझ्या आत कुणी नव्हतं.

त्यानंतर ऊन, धूळ, घोड्याची लाळ, सगळं मी अंगावर घेतलं. आमच्या धंद्यात डाग म्हणजे दागिना. एका शॉटमध्ये बाहीवर डाग दिसला, तर पुढच्या शॉटमध्ये तो तिथंच, तेवढाच दिसायला हवा. नाहीतर बघणारे लगेच पकडतात. म्हणून मावशी रोज माझे फोटो काढतात, आणि मला साबण दाखवायलाही मनाई आहे.

वाईट दिवसही आले. दुसऱ्या वर्षानंतर मालिका आठ महिने बंद पडली. मला पेटीत कोंबलं, डांबरगोळ्यांच्या सोबतीला. कुणी ढुंकून बघितलं नाही. त्या वासानं अजून डोकं फिरतं माझं. पण मालिका पुन्हा सुरू झाली, पेटी उघडली, आणि सेट बघायला आलेली माणसं गाडीवानाला सोडून माझ्यासोबत फोटो काढायला लागली. तो बिचारा शेजारी उभा राहून विचारायचा, "मी पण येऊ का फोटोत?"

तर मूळ भांडणाकडे येतो.

शेवटच्या भागात पूल वाहून जातो. गाडीवान टपालाची थैली खांद्यावरून तिरकी अडकवून चिखलातून चालत निघतो. रस्त्यावरचं शूटिंग आदल्या दिवशी झालं. शेवटचा शॉट पाठीमागून होता, तो टपालघराच्या दाराशी पोचतो एवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं, तो आत येतो, थैली खाली ठेवतो. तेही पाठीमागूनच. म्हणजे बाहेरची पाठ आणि आतली पाठ एकच दिसायला हवी.

आणि त्या मधल्या संध्याकाळी आमचा गाडीवान, म्हणजे तो नट, मावशींच्या मागे लागला. त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चार महिने घराबाहेर नाही. मालिकेचा एकही भाग तिनं चुकवलेला नाही. "एकदा कोटाला हात लावायचाय म्हणते हो. सकाळी सातला परत आणतो." कपडा स्टुडिओच्या फाटकाबाहेर गेला की सांभाळणाऱ्याची नोकरी गेली, हा साहेबांचा नियम. मावशींना तो पाठ. पण त्या विरघळल्या.

आईनं हात लावला. आणि मग बादलीच लावली! स्टुलावर बसून तिनं मला दोनदा घासलं, रात्रभर पंख्याखाली ठेवलं, सकाळी इस्त्री मारली. मुलगा उठला आणि किंचाळला. तेव्हा आई वॉकर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "चल, मी येते. ज्यानं केलं त्यानं सांगावं." रिक्षात बसून आली ती, आणि येऊन सांगितलं काय, तर वर ऐकलंत ते.

नऊला शूटिंग. वाजले होते सव्वासात.

मावशी मटकन बसल्या. "पुढचा फोटो आहे माझ्याकडे. पाठीचा काढायच्या आत फोनची बॅटरी गेली. म्हटलं, कोट कुठं पळून जातोय! बाहेरचं शूटिंग बघायला मागितलं तर साहेब विचारणार, का हवंय. गेली माझी नोकरी."

गाडीवान म्हणाला, "अंदाजानं लावू या ना चिखल."

"अंदाजानं? एवढी वर्षं लोक हा कोट बघतायत! बटण सैल झालं तर पत्रं येतात!"

मला तर ओरडावंसं वाटत होतं, अरे, मला विचारा! पण कोटाला कोण विचारतं?

तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "पाठीचं काय ते मला विचारा की."

"तुम्हाला काय माहीत, ताई?"

"मी घासलाय ना तो! डाव्या खांद्याखाली पंजाएवढा डाग होता, तीन वेळा साबण लावला तेव्हा हलला मेला. खाली शिवणीपाशी बारीक शिंतोडे, मुठीनं फेकल्यासारखे. आणि इथं," तिनं माझ्या पाठीवर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत बोट ओढलं, "इथं पट्टाभर काहीच नव्हतं. कोरं. मला वाटलं, असं कसं मळलं हे?"

मावशी ताडकन उठल्या. "थैलीचा पट्टा! पट्ट्याखाली चिखल लागलाच नाही! ताई, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. आतल्या सीनमध्ये तो थैली उतरवतो, तेव्हा तो पट्टा उघडा पडणार."

मग काय विचारता! माती, कॉफी, थोडा डिंक, परातीत कालवलं. मावशींनी थैलीचा पट्टा माझ्या पाठीवर घट्ट बांधला, आई बोटांनी डाग लावायला बसली. "आयुष्यभर डाग काढले," ती पुटपुटत होती, "म्हातारपणी डाग पाडायला बसवलं या कार्ट्यानं." गाडीवान हेअर ड्रायर धरून उभा. जरा हात थांबला की दोघी मिळून त्याला झापायच्या.

नऊला मी त्याच्या अंगावर होतो. तो आत आला, थैली उतरवली. पाठीवर तो कोरा पट्टा उघडा पडला, लांबच लांब रस्त्याची खूण. साहेबांनी कालचं आणि आजचं शूटिंग मॉनिटरवर शेजारीशेजारी लावलं. मावशींनी डोळे मिटले.

"वा मावशी," साहेब म्हणाले. "कोट जसाच्या तसा जपलात."

"जसाच्या तसा कसला?" मागून आवाज आला. "मी स्वतः धुतलाय तो! दोनदा!"

गाडीवानानं कपाळावर हात मारला. साहेब माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. पाठ बघितली. पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग मावशींकडे वळले. "पुन्हा कोट फाटकाबाहेर गेला, तर त्याच्यामागोमाग तुम्ही." मावशींनी मान खाली घातली, पण त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. साहेब आईकडे वळले. "आणि आई, मधले भाग अजून बाकी आहेत, उद्या पुन्हा चिखलाचा सीन आहे. येणार का?"

"येईन. पण खुर्ची बरी द्या. स्टुलावर कंबर जाते माझी."

तेव्हापासून ती येते. चार महिने घराबाहेर न पडलेली बाई, आता साडेआठलाच हजर असते.

मित्रांनो, शेवटचा भाग बघाल तेव्हा गाडीवानाच्या रडण्याकडे बघू नका, ते कुणालाही जमतं. माझ्या पाठीकडे बघा. आणि एक सांगून ठेवतो. घरातला जुना कपडा हातात घेतलात, तर बादलीत टाकायच्या आधी विचारा, हा डाग कुठून आला. आमचे डाग म्हणजे...

थांबा, आईनं परात आणली. चिखल ओला आहे तोवर गेलं पाहिजे. निघतो मी.