सत्तावीस चिठ्ठ्या

अरे ऐका ना, आधी पूर्ण ऐका, मग हसा. तुम्हाला हसू येतंय, माझा आठवडाभर जीव गेलाय.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, ती पेटी आहे, माहितीये ना? लाकडी, वर फट असलेली. वर्षातून एकदा प्रत्येक घरातून एक चिठ्ठी त्यात पडते. चिठ्ठीवर एकच नाव लिहायचं, विश्वासापासून लांब गेलेल्या कुणाचंतरी. दुसऱ्या रविवारी प्रत्येक घराने त्यातली एकेक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची. शिवाय त्याचं एक काम करायचं, पण गुपचूप. कुणी केलं ते कळता कामा नये. त्याला उपदेश करायचा नाही, उपासनेला ये म्हणायचं नाही. नुसती दया. कल्पना चांगलीच आहे, मी कुठे नाही म्हणते?

तर यंदा पेटी माझ्याकडे आली. इतकी वर्षं ती शिवणवाल्या काकूंकडे असायची, पण त्यांचे गुडघे गेले. आणि मी म्हणजे काय, एकदम सच्ची! चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत असा नियम आहे, तर मी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. एकतीस घरं, एकतीस चिठ्ठ्या. सगळ्यांनी उचलल्या, तळाला उरली ती मी आमच्या घराची म्हणून घेतली आणि पर्समध्ये टाकली. न उघडता. म्हटलं, घरी जाऊन निवांत बघू.

निवांत! सोमवारपासून निवांत हा शब्दच विसरले मी.

आमचं बाइंडिंगचं दुकान तुम्ही बघितलंय. पुढे काउंटर, मागे दोन टेबलं, खिडकीपाशी बाबांचं आणि भिंतीकडे दादाचं. सोमवारी सकाळी दादाने शटर उघडलं तर कडीला छत्री लटकवलेली. नवी कोरी. दुपारपर्यंत तीन छत्र्या. पाऊस नाही, ढग नाही, काही नाही. म्हणाला, "माझ्याकडे छत्री नाही हे साऱ्या गावाला कुणी सांगितलं?"

मंगळवारी त्याच्या सायकलच्या चेनला कुणीतरी तेल घातलं. मग दुसऱ्या कुणीतरी घातलं. मग तिसऱ्याने. पँटची वाट लागली. दुकानाबाहेर काढून ठेवलेले त्याचे तपकिरी बूट कुणीतरी पॉलिश करून ठेवले, काळे! बुधवारी पाव आले, पाच. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी फोन करून सांगितलं की तुमची अपॉइंटमेंट आहे, कुणीतरी घेतलीये, कुणी ते नाही सांगणार. अहो, तुम्हीच घेतली असणार ना! रिटायर्ड हेडमास्तर तोंडाला रुमाल बांधून आमच्या दुकानापुढचा फुटपाथ झाडत होते. गुपचूप म्हणे. गावात तशी उंची दुसऱ्या कुणाची आहे का?

बुधवारी संध्याकाळी दादाने माझ्यासमोर सहा छत्र्या आपटल्या.

"ही तुमची ती पेटी आहे ना?"

"मला काय माहीत?"

"तुला काय माहीत! पेटी तुझ्याकडे, आणि तुला काय माहीत! अगं, हरवलेल्या मेंढराची गोष्ट मलाही पाठ आहे. त्यात एका मेंढरामागे मेंढपाळ जातो. नव्याण्णव मेंढरं नाही जात छत्र्या घेऊन!"

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

"ऐक," तो म्हणाला. "शहरातल्या छापखान्याचं नोकरीचं पत्र आलंय. तिकडे राहायची सोय पण आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचंय. आता अजून एक पाव आला ना, तर हो म्हणून टाकतो."

इथे मला जरा मागे जाऊन सांगायला लागेल, नाहीतर तुम्हाला कळणार नाही मी इतकी का घाबरले.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत दादा आमच्या देवळात गाणी धरायचा. मग एका रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "मला आतून काही वाटत नाही आता. तोंडाने खोटं गाणार नाही." भांडला नाही, ओरडला नाही. ओरडले बाबा. म्हणाले, "मग माझ्या दुकानात पवित्र शास्त्राला आणि गीतपुस्तकांना हात लावायचा नाही." बस. तेव्हापासून रजिस्टरं, प्रबंध, हिशोबाच्या वह्या दादाच्या टेबलावर, आणि शास्त्रं नि गीतपुस्तकं बाबांच्या. दोघं दिवसभर एका खोलीत, आणि बोलणं काय तर "कात्री" आणि "जेवायला चल". तो गेला असता तर हे असंच कायमचं राहिलं असतं. आईने मग दोघांच्या बोलण्याची किती वाट बघायची?

म्हणून मी गुरुवारी पाळकांकडे पळत गेले. म्हटलं, काका, हे थांबवा, सगळे माझ्या भावाच्या मागे लागलेत.

पाळक चष्मा पुसत बसले. खूप वेळ पुसला.

"दया करू नका असं मी व्यासपीठावरून कसं सांगू बाळा?"

"कमी करा एवढं तरी सांगा!"

"बरं," म्हणाले, आणि मग हळूच, "ती निळी छत्री... ती चांगली आहे ना? आवडली का त्याला?"

सांगा आता!

तिथून शिवणवाल्या काकूंकडे. काकूंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं खुळे, तू वाचल्या नाहीस?"

"वाचायच्या नसतात ना!"

"तो नियम लोकांसाठी! मी दरवर्षी आदल्या रात्री सगळ्या वाचायची. एकाच नावाच्या दहा निघाल्या की नऊ काढून दुसरी नावं घालायची. नाहीतर हे असं होतं."

म्हणजे इतकी वर्षं आमची दया काकूंच्या लबाडीवर चालली होती, आणि मी इमानदारी केली तर हा घोळ! मी घरी येऊन फोन घेऊन बसले, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. सांगायचं नसतं, विचारायचं नसतं, सगळं मान्य. तीस घरांना विचारलं. सत्तावीस दादा! सत्तावीस! दोन चिठ्ठ्या घड्याळवाल्यांच्या नावाच्या आणि एक न्हाव्याच्या मेव्हण्याच्या नावाची. सगळ्यांचं म्हणणं एकच, "अगं, तो गायचा ना, त्याच्याशिवाय सुनं वाटतं. मला वाटलं मी एकटीनेच त्याचं लिहिलं असेल." सत्तावीस जणांना वाटलं आपणच एकटे! चीड येत होती आणि रडूही येत होतं, एकदम, त्यामुळे दोन्ही नीट येईना.

आणि मग आठवलं, माझी चिठ्ठी! पर्समध्येच. म्हटलं, अठ्ठाविसावा दादा. उघडली.

दादाचं नाव नव्हतं. बाबांचं होतं.

आणि अक्षरही बाबांचंच. पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरं टाकणाऱ्या माणसाचं अक्षर, पट्टीने आखल्यासारखं, लपतंय थोडंच! आमच्या घराची चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. मी म्हटलं होतं ना, बाबा, तुम्ही टाका आपली. त्यांनी लांब गेलेला माणूस म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. माझे बाबा, जे उपासनेला पहिले पोचतात आणि कुलूप लावून शेवटी निघतात.

मी चिठ्ठी घेऊन पायरीवर बसून राहिले. मग डोकं चालायला लागलं. नाव निघालंय तर काम करायला हवं, गुपचूप. काय करायचं? तर सुया. बाबांना आता सुई ओवता येत नाही. गीतपुस्तकांची थप्पी पडलीये त्यांच्याकडे, एकशे चाळीस, सगळ्यांची पानं सुटलेली. ती हाताने शिवावी लागतात, मेण लावलेल्या दोऱ्याने. खरं तर रोज सकाळी त्यांच्या सुया टोचायच्या छोट्या उशीत त्या ओवलेल्याच असतात. आई डबा द्यायला येते तेव्हा ओवून जाते असं बाबा सगळ्यांना कौतुकाने सांगतात. म्हटलं, उद्या तिच्या आधी आपण ओवू.

शनिवारी सात वाजता गेले. मागचं दार उघडं. आत दादा. बाबांच्या खुर्चीवर बसलेला, तोंडात दोरा, समोर उशी, आणि उशीत वीस सुया, ओळीत. एक ओवायची, मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढायचा, टोचायची. पुढची.

"तू?"

दचकला. दोऱ्याचं टोक सुटलं. "दार वाजवता येत नाही का?"

"रोज तूच ओवतोस? दोन वर्षं?"

"त्यांना दिसत नाही नीट. एवढंच. तू यात देव शोधू नकोस."

"मी कुठे शोधतेय!"

"तुझं तोंड शोधतंय."

मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. त्याने वाचली. वैतागून म्हणाला, "आता बाबांनापण नाही सोडलं? हे कुणी लिहिलं?"

"अक्षर बघ की."

त्याने बघितलं. मग बराच वेळ ती बारकी चिठ्ठी बोटाने सरळ करत राहिला, पानाची घडी मोडतो तशी. घड्याळ बघितलं. सव्वासात. बाराला उत्तर द्यायचं होतं.

आणि बाबा आले. दादा उठायला गेला, गुडघा टेबलाला आपटला, सुयांची उशी खाली. बाबांनी उशीकडे बघितलं, दादाच्या ओठाला चिकटलेल्या दोऱ्याकडे बघितलं.

गुपचूप करायचं, सांगायचं नाही, हा नियम. गेला खड्ड्यात! एकदा नियम पाळून मी काय केलं ते बघितलंत ना? मी बोलूनच टाकलं, "बाबा, आई नाही ओवत. कधीच नाही ओवली. हा ओवतो. आणि हा आज बारा वाजता निघून जाणारे, त्या छापखान्यात. तुम्ही काहीतरी बोला, नाहीतर मी इथे बोंब मारेन!"

"मारतेच आहेस," बाबा म्हणाले.

ते खाली वाकले, कमरेवर हात ठेवून, आणि उशी उचलली. दादाही वाकला. दोघांची डोकी आपटणारच होती, थोडक्यात वाचली. बाबांनी एक सुई खिडकीपाशी धरून बघितली. मग थप्पीतली निम्मी पुस्तकं उचलली, दोन फेऱ्यांत, आणि भिंतीकडच्या टेबलावर नेऊन ठेवली. गीतपुस्तकं. दादाच्या टेबलावर.

"त्या दिवशी मी जे बोललो..." बाबा म्हणाले, आणि तिथेच थांबले. "टाका सैल ठेवू नकोस."

"टाका तुमचा सैल असतो," दादा म्हणाला.

"माझा?"

"मग काय. मागच्या वर्षीचीच सुटलीत ना ही?"

बाबांनी एक पुस्तक उलटून कणा बघितला. दादाने पहिलं पुस्तक ओढलं. साडेअकराला त्याने छापखान्यात फोन लावला. म्हणाला, नाही जमणार, इथे सत्तर पुस्तकं आलीत. तेवढ्यात बेकरीवाले काका पाव घेऊन दारात. मी त्यांना जे हाकललंय, माझं मलाच वाईट वाटलं.

नाही, तो रविवारी आला नाही देवळात. मला वाटलं होतं येईल. बाबांना नव्हतं वाटलं. ते म्हणाले, त्याला कुणी विचारायचं नाही, आणि जेवताना त्याच्या ताटात वाढलं.

पण दादाने मला पाठवलं. छत्र्या परत द्यायला. सात झाल्या होत्या. कडक ऊन, आणि मी सात छत्र्या घेऊन देवळाच्या पायरीवर! म्हटलं, ज्याची त्याने घ्या. कुणी घेईना. घेतली तर कळणार ना कुणी दिली होती! सगळे नुसते बघून पुढे. पाळक तर त्या निळीपाशी दोनदा थांबले, दांड्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

अजून माझ्याकडेच आहेत. तुम्हाला कुणाला हवीये का छत्री?