डोंगराच्या पोटातलं पाणी

भिंगरी जन्मली तेव्हा जग बुडून गेलं होतं. निदान मोठी माणसं तरी तसंच म्हणायची. आधी साथ आली, मग भूकंप झाला, आणि मदत आणायला गेलेले ट्रक परत आलेच नाहीत. भिंगरीला विचाराल तर जग चांगलं धडधाकट होतं. चार मजली इमारतींची एक गल्ली होती, तिच्यात तगून राहिलेली मोजकी बिऱ्हाडं होती, आणि नदीवरून दिवसभर वाहून आणायचं पाणी होतं. पोरीचं बूड एका जागी टेकत नाही म्हणून आत्या तिला भिंगरी म्हणू लागली आणि तेच नाव पडलं.

तिचे बाबा पूर्वीचे प्लंबर. भूकंपात डोंगर घसरला, त्याच्या पोटातली, शहराला पाणी देणारी टाकी गाडली गेली, आणि तेव्हापासून त्यांनी पान्याला हात लावला नव्हता.

"टाकी फुटली. विषय संपला," ते म्हणायचे.

"तुम्ही बघितली का फुटलेली?"

"सगळंच बघायला लागतं का, गं?"

त्या पावसाळ्यात डोंगराची एक कड पुन्हा ढासळली. सरपणाला गेलेल्या भिंगरीला मातीतून डोकावणारं लोखंडी दार दिसलं. वाकून त्याला फट पडली होती. ती अंग चोरून आत शिरली, चार पायऱ्या उतरली आणि जागच्या जागी थिजली.

समोर पाणी होतं. नदीसारखं गढूळ, घाईतलं नव्हे. काचेसारखं, श्वास रोखून बसलेलं. त्यातून दगडी खांब उभे होते, रांगांमागून रांगा, पार अंधारात विरेपर्यंत. माती ढासळून मोकळ्या झालेल्या छताच्या झरोक्यांतून उन्हाच्या तिरिपा थेट तळापर्यंत उतरल्या होत्या आणि तळाची फरशी न् फरशी दिसत होती. पलीकडे कुठेतरी डोंगराचा झरा टपटपत होता. इतकं मोठं, इतकं नीटनेटकं काही माणसांनी बांधलं असेल, हे तिच्या डोक्यात मावेना. "अगं बाई," ती पुटपुटली. खांबाखांबांवरून तेच शब्द फिरून तिच्याकडे परत आले, तशी तिने तोंडावर हात ठेवला. देवघरात मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं तिला.

बाबांना तिने अक्षरशः ओढत नेलं. ते पायरीवर बसले, ओंजळभर पाणी घेतलं आणि बराच वेळ ते तसंच हातात धरून राहिले.

"फुटली नव्हती," ते म्हणाले. मग भिंतीजवळच्या मोठ्या चाकाकडे बोट केलं. "हे बघ. व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे. भूकंप होताच, डोंगर घसरायच्या आधी, राखणदाराने पाणी वाया जाऊ नये म्हणून बंद केला असणार. साथ तेव्हाही चालूच होती, तिच्यात तोही गेला. कुणाला सांगणार?"

"मग उघडू या."

"खालचे पाइप गंजलेत, पोरी. जागोजागी फुटतील."

"फुटले तर तुम्ही जोडा. मी पाना धरते."

बाबांनी बाह्या सरसावल्या.

चाक आधी हलेचना. तेल ओतलं, पहार घातली, दोघांनी लटकून जोर लावला. अचानक ते करकरलं आणि डोंगर आतून घोगऱ्या आवाजात खाकरला. पायाखालच्या जमिनीतली थरथर गल्लीच्या दिशेने निघाली. भिंगरी तिच्या मागे धावत सुटली.

ती खाली पोचली तेव्हा गल्लीत हलकल्लोळ माजला होता. पाणी गेलं त्या दिवशी लोकांनी ते येईल या आशेने नळ उघडे टाकले होते, आणि मग कुणीच ते फिरवून बंद केले नव्हते. आता प्रत्येक नळ खोकत, हवा ओकत, तांबूस गढूळ चिळकांड्या उडवत होता. जिन्यांवरून पाणी घरंगळत होतं, चौकात जमिनीतून कारंजं उसळलं होतं. लहान मुलं किंचाळत पळत होती. भिंतीतून पाणी येतं हे त्यांनी कुठे पाहिलं होतं?

आत्या लुगडं खोचून गुडघाभर पाणी साचलेल्या खोलीत उभी होती. "माझं अंथरूण गेलं, पीठ गेलं, सगळं वाहून गेलं गं!" ती ओरडत होती आणि हसत होती.

"आत्या, नळ बंद कर ना!"

"थांब गं जरा," आत्या म्हणाली. "वाहू दे अजून थोडं."

धारेचा रंग हळूहळू फिकट झाला आणि मग पाणी नितळ वाहू लागलं. मागून बाबा आले, अंगभर चिखल. त्यांनी चौकातल्या कारंज्याकडे नजर टाकली.

"आधी हा जोड घेऊ," ते म्हणाले. "कुदळ आण, भिंगरे. पळ."