बास्केटखालची चौकट

साडेदहाला मी व्यायामशाळेचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. बास्केटखालच्या चौकटीच्या रेषा सासऱ्यांनी आदल्या दिवशी रंगवल्या होत्या. सुबक, पण तिरप्या. मागच्या बाजूला सहा मीटर रुंद, पुढे तीन मीटर साठ. हा आकार नियमांतून जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आता सरळ आयत लागतो, चार मीटर नव्वद.

चारला बास्केटबॉलचा सामना. मैदान चुकीचं ठरलं, तर गुण समोरच्या संघाला आणि मी प्रशिक्षण देते त्या मुली स्पर्धेबाहेर.

"बाबा, माप कशावरून घेतलंत?"

त्यांनी गाठी मारलेली दोरी पुढे केली. प्रत्येक गाठ म्हणजे एक अंतर. तीस वर्षं ते याच दोरीनं मैदानं आखत होते.

"ही जुन्या नियमांची आहे."

"मग सांगायचंस ना. मला काय स्वप्न पडणार?"

खरं होतं. त्यांना ठाऊक असेलच, असं मी गृहीत धरलं होतं.

"पण या चौकटीचं काम तरी काय?"

"चेंडू आपल्याकडे असताना आपल्या खेळाडूनं इथे तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. नाहीतर उंच मुलगी बास्केटखाली ठाण मांडून बसेल."

"म्हणजे थांबायचं नाही ती जागा मी इतकी जपून रंगवतोय." ते हसले नाहीत. "थिनर आण."

रेषा पुसता पुसता दीड वाजला. नवा रंग सुकायला वेळ नव्हता, म्हणून पांढरी चिकटपट्टी लावली. सासूबाईंचा फोन आला, "जेवायला येताय की रेषाच खाताय?"

साडेतीनला पंच आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्हीकडच्या चौकटी मोजल्या, पुसट तिरप्या खुणांवरून बोट फिरवलं.

"चालेल. पण पट्टी उचकटलेली दिसली तर सामना थांबवीन."

पाचव्या मिनिटाला आमची कप्तान कोपऱ्यावर गर्रकन वळली आणि पट्टीचं टोक उभं राहिलं. पंच पलीकडे होते. पूर्वार्धात दोनच टाइमआउट मिळतात. त्यातला एक मी तिथेच मागितला. मुली काही ऐकायला माझ्याभोवती जमल्या, मी त्यांच्या खांद्यांवरून त्या कोपऱ्याकडेच पाहत होते. बाबा आत जाऊन कोपऱ्यावर अंगठा दाबून बसले होते.

शिट्टी वाजली.

"बाबा, उठा."

"जरा दम धर, चिकटतंय."

पंच वळून आमच्याकडे येऊ लागले. बाबा उठले. पट्टी सपाट होती. पंचांनी ती पाहिली, बाबांच्या अंगठ्यावरचा गोंद पाहिला आणि चेंडू मुलीच्या हातात दिला.

उरलेला सामना मी गुणफलकाकडे पाहिलंच नाही. त्या कोपऱ्यावर पाय पडला की सेकंद मोजायची: एक, दोन.